रंगाचा पहिला हात माजघराला

घट बसण्याच्या आधीचे चार-पाच दिवस आमच्या वाळवा तालुक्यात ‘दसरा काढण्याचे’ असतात. वाकळा, घोंगडी, अंथरुणे-पांघरुणे बाहेर निघतात आणि नदीकाठच्या दगडांवर ती आपटल्याचा आवाज पहाटेपासून कानी येऊ लागतो. माळ्यावरची पितळी भांडी चिंचेने उजळतात, कोळिष्टके झाडली जातात, डबे उन्हात पडतात. इस्लामपुरात आणि त्याला लागूनच असलेल्या उरुणात, म्हणजे राज्य शासनाने २०२५ साली ज्याचे नाव ईश्वरपूर करण्याचा निर्णय घेतला त्या आमच्या गावात, ही रीत घरोघर अजून टिकून आहे. या रीतीची दुसरी बाजू मात्र टिकलेली नाही. पूर्वी वाकळा धुऊन वाळल्या की त्याच हातांनी भिंती पोतारल्या जात. पांढरी माती असे, चुना असे, खाली गेरूचा पट्टा असे. आता भिंत रंगवणे हे काम दुकानदाराचे आणि रंगाऱ्याचे झाले आहे.

कसबी माणसाच्या हाताचे मोल आम्ही जाणतो, तेव्हा रंगाऱ्याविषयी आमचे काही म्हणणे नाही. आमचे म्हणणे एवढेच की त्यामुळे भिंतीचा रंग ही पैशाच्या सवडीची गोष्ट होऊन बसली. ज्या वर्षी सवड नसेल त्या वर्षी घर काळवंडलेलेच राहते, नाहीतर उसनवारी करून रंगते. आपल्या भागात दसऱ्याच्या सुमारास हात आखडलेलाच असतो. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम दिवाळीच्या मागेपुढे सुरू होणार आणि उसाचे पैसे त्यानंतर हाती येणार. अशा दिवसांत भिंतींसाठी कर्ज काढावे, असे कोणत्याही देवाने सांगितलेले नाही. दसरा ते लक्ष्मीपूजन हे विसेक दिवस, ऑक्टोबरचे कडक ऊन आणि घरातील चार माणसांचे हात एवढ्या भांडवलावर तीन खोल्या सहज निघतात.

परंतु या लेखाचा मुख्य मुद्दा पैशाचा नाही, क्रमाचा आहे. बहुतेक घरांत रंगाचा पहिला हात लागतो तो रस्त्याकडील भिंतीला आणि सोप्याला. पाहुणे तेथे बसतात, लोक तेथून बघतात. पैसे उरले तर मधली खोली, त्यातूनही उरले तर स्वयंपाकघर. ते बहुधा उरत नाहीत. त्यामुळे घरातील लक्ष्मी जेथे दिवसाचे दहा तास उभी असते ती खोली वर्षानुवर्षे धुराने काळी आणि जेथे कुणी तासभर बसते ती खोली मोत्यासारखी, असा प्रकार आम्ही कित्येक सुखवस्तू घरांतूनही पाहिला आहे. माजघराच्या कोपऱ्यात खाटेवर पडून असलेल्या आजीच्या डोळ्यांसमोर दिवसभर पोपडे सुटलेली एकच भिंत असते. त्या भिंतीचा विचार घराचा रंग निवडताना कुणी करीत नाही. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आपण केरसुणीची पूजा करतो. केरसुणी फिरते ती घराच्या आतल्या कोपऱ्यापासून बाहेर उंबऱ्याकडे. रंगही त्याच दिशेने यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. आधी स्वयंपाकघर, मग वडीलधाऱ्यांची खोली आणि माजघर, मग देवघर. सोपा सर्वांत शेवटी. राहिला तरी हरकत नाही; पाहुणे समजून घेतील.

यावर कुणी म्हणेल की भाऊबीजेला लेकी माहेरी येतात, संभुआप्पा-बुवाफन यांच्या उरसाला चार गावचे पाहुणे येतात, त्यांच्यापुढे काळवंडलेला सोपा कसा दाखवावा? माहेरवाशीण सोप्यात बसायला येत नाही. ती सरळ आत आईजवळ जाते, एवढेच आम्ही सुचवू.

येथे एका नाजूक गोष्टीस हात घालणे भाग आहे. उरुणातील आणि आसपासच्या गावांतील जुने वाडे आता वाटणीचे झाले आहेत. दोन-तीन भावांची बिऱ्हाडे, प्रत्येकाची चूल वेगळी. एक भाऊ गावी शेती पाहतो, दुसरा पुण्या-मुंबईला नोकरीस. सणापूर्वी जो तो आपापल्या खोल्या रंगवतो आणि मधली बोळ, सामाईक जिना, मागचे परडे यांच्याकडे कुणीच पाहत नाही. एका बाजूला फिका निळा, दुसऱ्या बाजूला पिस्ता रंग आणि मध्ये वीस वर्षांची काजळी. ही बोळ पाहिली की त्या घरातील बोलाचाली कितपत आहे हे परक्या माणसालाही कळते. बोळ रंगवण्यास खर्च किती? चार किलो चुना आणि एक दुपार. तरी ती होत नाही, कारण ‘मीच का?’ हा प्रश्न आड येतो. आपल्याच जिल्ह्यातील अंजनीचे आर. आर. पाटील ग्रामविकासमंत्री असताना २००० साली संत गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले, तेव्हा याच महाराष्ट्रातील गावांनी हाती खराटे घेऊन सबंध गल्ल्या झाडल्या. परक्याच्या दारापुढचा कचरा उचलणाऱ्या आपल्या लोकांना सख्ख्या भावाच्या वाट्याची अर्धी भिंत जड व्हावी काय? दसऱ्याला आपट्याचे पान देण्यासाठी आपण एकमेकांच्या दारी जातोच. त्या भेटीत बोळीचा विषय काढावा. कुणी आधी काढायचा, हे आम्ही सांगत नाही. धाकट्याने काढला तर शोभून दिसेल आणि थोरल्याने काढला तर अधिक शोभेल.

आता चुन्याविषयी थोडे विस्ताराने. चुना म्हणजे गरिबाचा रंग, अशी एक समजूत अलीकडे रूढ झाली आहे. ती निराधार आहे. समर्थ रामदासांनी आपल्या या परिसरात जे अकरा मारुती स्थापले, त्यांपैकी बहे येथील मारुती आपल्या तालुक्यातच आहे. मसूरजवळच्या शहापूरच्या मारुतीला तर लोक ‘चुन्याचा मारुती’ म्हणूनच ओळखतात. ज्या वस्तूतून देवाची मूर्ती घडली तिची भिंतीला लाज कशाला? गुण पाहू जाता दगड-मातीच्या आणि जुन्या चुनेगच्ची भिंतींना चुन्यासारखे दुसरे काही नाही. भिंतीत पावसाळ्याची ओल मुरलेली असते. चुन्याचा थर ती ओल बाहेर पडू देतो, तर प्लास्टिक रंगाचा घट्ट थर ती आत कोंडतो. कोंडलेली ओल मग फोड आणून रंग उचलते. शिवाय चुना दाहक असल्याने बुरशीस थारा मिळत नाही. लावलेला चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड वायू घेऊन हळूहळू पुन्हा दगडासारखा घट्ट होत जातो, ही त्याची आणखी एक खुबी.

पद्धत कठीण नाही. कळीचा चुना आणावा. एक किलो चुन्यास सुमारे पाच लिटर पाणी, हे केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याच्या नियमावलीतील प्रमाण आहे. पिंपात पाणी आधी घेऊन त्यात चुना थोडाथोडा सोडावा. चुन्यावर एकदम पाणी ओतू नये. तो उकळी फुटल्यासारखा खदखदतो आणि उडतो. लहान मुलांना या वेळी जवळ फिरकू देऊ नये. चुना डोळ्यांत गेल्यास स्वच्छ पाण्याने बराच वेळ डोळा धुऊन तडक डॉक्टरांकडे जावे, घरगुती उपाय करीत बसू नये. चष्मा घालावा, हातांस खोबरेल तेल चोळावे. चुना किमान एक दिवस-रात्र भिजू द्यावा. आठवडाभर मुरला तर अधिकच चांगला. मग जाड्याभरड्या कापडातून गाळावा. त्याच नियमावलीप्रमाणे दहा लिटर गाळलेल्या चुन्यास चाळीस ग्रॅम डिंक गरम पाण्यात विरघळवून घालतात, म्हणजे कपड्यांना पांढरे लागत नाही. नीळ किलोमागे तीन ग्रॅमपर्यंत, त्याहून अधिक नको. नाहीतर भिंत पांढरी न दिसता निळसर दिसू लागते.

भिंत झाडून, सुटे पोपडे खरवडून, आधी पाण्याने ओलसर करावी. पहिला हात उभा, तो वाळला की दुसरा आडवा. येथे नवखी माणसे हमखास घाबरतात, कारण ओला चुना जवळजवळ पारदर्शक दिसतो. भिंतीवर काही लागलेच नाही असे वाटून लोक तो दाट करतात आणि मग तो पापुद्र्यांनी सुटतो. धीर धरावा. उन्हे वर आली की भिंत आपोआप उजळत जाते. दाट एका हातापेक्षा पातळ तीन हात केव्हाही सरस.

पांढरा रंग नको असेल तर पिवडी, गेरू, हिरमुजी हे मातीचे रंग चुन्यात चांगले टिकतात. खाली दीड-दोन वितींचा कावेचा पट्टा काढला तर पोरांचे पाय आणि झाडूचे डाग झाकले जातात. काव आणि चुना या दोनच वस्तूंतून कोकण-गोव्यातील देवळांच्या भिंतींवर कावीची केवढी नक्षी उभी राहिली! दुकानात मिळणारी छापील वारली चित्रे भिंतीला चिकटवण्यापेक्षा घरातील ज्या मुलीचा हात रांगोळीवर बसला आहे तिच्याकडून त्या पट्ट्यावर चुन्याच्या ठिपक्यांची एक ओळ काढून घ्यावी. वाकडी आली तरी ती आपली असेल.

चुना सर्वच भिंतींना चालतो असे मात्र नाही. सिमेंटच्या उघड्या गिलाव्यावर तो धरतो. तैलरंगावर किंवा प्लास्टिक रंगावर धरत नाही. अशा घरात डिस्टेंपर बरा. उलट जुन्या चुन्यावर डिस्टेंपर द्यायचा तर आधी सुटा चुना पूर्ण खरवडला पाहिजे. या खरवडण्याचाच लोक आळस करतात आणि दोष रंगाला देतात. वणीच्या सप्तशृंगीच्या मूर्तीवर वर्षानुवर्षे चढलेला शेंदूर २०२२ साली उतरवण्यात आला, तेव्हा आईचे मूळ रूप भक्तांना दिसले. भिंतीचेही तसेच आहे. पाच दिवाळ्यांची पुटे एकमेकांना धरून असतात, खालच्या भिंतीला नव्हे. सहाव्या पुटाचा भार झाला की सगळी एकदम उतरतात. तीन दिवसांच्या कामात दोन दिवस खरवडणे आणि एक दिवस रंग, हाच योग्य हिशेब होय.

खरवडताना एक धोका लक्षात ठेवावा. घरगुती रंगात शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत नव्वद भागांहून अधिक असू नये, हा केंद्र सरकारचा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वीच्या दारे-खिडक्यांच्या तैलरंगात शिसे याहून कितीतरी जास्त असू शकते. असा रंग कोरडा घासला की त्याची धूळ जमिनीवर बसते आणि रांगत्या मुलाच्या हातातून तोंडात जाते. शिसे मुलांच्या मेंदूस अपाय करते. म्हणून जुनी दारे पाण्याचा हात लावूनच पॉलिश पेपरने घासावीत, तोंडाला फडके बांधावे, निघालेला गाळ कागदात गुंडाळून टाकावा आणि घरात गरोदर स्त्री अथवा लहान मूल असेल तर त्यांना त्या दिवशी शेजारी पाठवावे. उंचावरचे छत आणि दारांचा तैलरंग ही दोन कामे रंगाऱ्याला द्यावीत, असेच आम्ही म्हणू. शिडीवरून पडून सण दवाखान्यात काढण्यात कसली काटकसर?

नदीकाठच्या घरांविषयी आणखी एक. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी कृष्णा-वारणेच्या काठावरील ज्या भिंती भिजल्या, त्यांतील काहींना अद्याप लोणा फुटतो. तो झाकण्यासाठी वरून पुट्टी आणि महाग रंग चढवणे म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणे होय. कोरड्या कुंच्याने लोणा झाडावा, ओल्या फडक्याने पुसू नये. पाण्याबरोबर तो पुन्हा भिंतीत शिरतो. अशा भिंतीला चुना द्यावा आणि दरवर्षी द्यावा. ती खर्चाची नव्हे, नेमाची बाब आहे.

गोमयाच्या रंगाविषयी अनेकजण विचारतात. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाचा ‘खादी प्राकृतिक पेंट’ जानेवारी २०२१ मध्ये बाजारात आला. त्या वेळी डिस्टेंपरचा भाव लिटरला १२० रुपये आणि इमल्शनचा २२५ रुपये जाहीर झाला होता. ज्यांना शेणाने सारवलेल्या भुईची सवय आणि ओढ आहे त्यांना तो अवश्य आवडेल. मात्र गोठ्यातले शेण भिंतीला फासणे आणि कारखान्यात प्रक्रिया केलेला हा रंग या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. श्रद्धेपोटी घ्यावा, पण भिंत तयार करण्याचे काम त्यानेही टळत नाही.

रंग विकत घेण्यापूर्वी भिंत मोजावी. दहा बाय बारा फुटांच्या आणि दहा फूट उंचीच्या खोलीच्या चारही भिंती मिळून ४४० चौरस फूट होतात. दार-खिडक्यांचे साठ वजा केले तर ३८०. दोन हातांचे ७६०. डब्यावर लिहिलेले क्षेत्र गुळगुळीत भिंतीचे असते, खडबडीत भिंत अधिक रंग पिते. एवढा हिशेब आठवीतला मुलगा करील आणि त्यानेच तो करावा.

देवघराचे काम घट उठल्यावरच काढावे, हे सांगणे नको. नऊ दिवस अखंड दीप तेवत असताना तेथे धूळ उडवणे योग्य नव्हे. दसऱ्यानंतर देव पाटावर, स्वच्छ वस्त्रावर, दुसऱ्या खोलीत बसवावेत आणि नित्यपूजा तेथे करावी. देवघर एका दिवसात संपवावे. देवांना चार दिवस परक्या कोपऱ्यात ठेवणे मनाला बरे वाटत नाही. देवळीच्या आत मात्र तेलाचा चिकट थर बसलेला असतो. त्यावर काहीही धरत नाही. सोड्याच्या गरम पाण्याने तो आधी काढावा. तोरणासाठी दरवर्षी नवा खिळा ठोकण्याची जी हौस आपल्याकडे आहे ती मात्र आता पुरे. चौकटीवर दोन पक्के आकडे कायमचे बसवून टाकावेत.

ही सारी कामे कुणी करायची? घरच्या सुनेने दसरा काढला, नऊ दिवसांचे उपवास केले, पुढे फराळाचे डबे भरायचेही तिलाच आहेत. त्यात पुन्हा भिंतींची भर घालून ‘घरच्या घरी स्वस्तात झाले’ असे यजमानांनी मिरवायचे असेल तर आम्ही हा लेख लिहिला नसता. कुंचा घरातील कर्त्या पुरुषाने आणि मुलांनी हाती घ्यावा. सामान हलवणे, खरवडणे, गाळणे, पुसणे या सगळ्यासह. रंगवलेल्या खोलीची फरशी ज्याने रंगवली त्यानेच धुवावी.

सामान बाहेर निघालेच आहे तर ते जसेच्या तसे परत आत नेऊ नये. खिडकीपुढे वर्षानुवर्षे उभे असलेले कपाट दुसऱ्या भिंतीला सरकवले तर काही खोल्यांत दिवसा दिवा लावावा लागत नाही, आणि हे फुकट होते. जुन्या सुती पातळांचे पडदे होतात. मुलांच्या अभ्यासाच्या जागी भिंतीवर हातभर चौकोन फळ्याच्या काळ्या रंगाने रंगवला तर बाकीची भिंत पेन्सिलीपासून वाचते. आजीच्या खाटेवरून हात पोहोचेल अशा उंचीवर दिव्याचे बटण खाली आणून घ्यावे; ते वायरमनकडूनच. तिच्या समोरच्या भिंतीचा रंग कोणता, हे तिलाच विचारावे. बहुधा ती ‘कोणताही चालेल’ म्हणेल. तिला दुसऱ्यांदा विचारावे.

एवढे करूनही घमेल्याच्या तळाशी चुना उरतोच. तो फेकू नये. झाकण लावून, वर चार बोटे पाणी ठेवून तो महिनाभर उत्तम टिकतो. कार्तिकी एकादशी झाली की परड्यातील वृंदावनाला तोच चुना आणि वाटीभर गेरू पुरतो, आणि तुळशीचे लग्न लागेपर्यंत ते वाळलेलेही असते.